दोन पायऱ्या खाली

"बजरंग, तुझी आक्का परत झोपली बघ," आप्पा म्हणाले.

मी मशीन-घरातनं हात पुसत बाहेर आलो. आप्पासाहेब, म्हणजे आमच्या कोल्ड स्टोरेजचे मालक, माल उतरवायच्या धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि खाली बोट दाखवत होते. धक्क्यावरनं दोन पायऱ्या उतरलं की निवडायची खोली. तिथं पोत्यांवर मांड्या घालून बारा बायका बेदाणा निवडत बसायच्या. त्यांच्या मधोमध माझी थोरली बहीण, शालन आक्का, मान टाकून झोपली होती. मांडीवर सूप, सुपात बेदाणा, आणि बोटांत एक काडी तशीच धरलेली.

हा तिसरा दिवस. पहिल्या दिवशी आप्पा हसले होते, दुसऱ्या दिवशी नुसतंच बघून गेले होते.

"मंगळवारी सौदा," ते म्हणाले. "पाचशे बॉक्स निवडायचं राहिल्यात, आन् मुकादमीणच घोरतीय. हिचं बघून बाकीच्या पण पेंगायला लागल्यात. तू उठीव तिला. मी उठवलं तर वाईट दिसंल."

एप्रिलचा महिना. आमच्या तासगावच्या बाजूला एप्रिलात कोल्ड स्टोरेजला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यात दुसरा ऑपरेटर काम सोडून गेलेला, त्यामुळं पंधरा दिवस दोन्ही पाळ्या मीच ओढत होतो. झोप माझ्याही डोळ्यांत मावत नव्हती, पण मला कुणी झोपू देत नव्हतं. म्हणून आक्काला तशी बघून आधी कीव आली नाही, रागच आला.

"ए आक्का! ऊठ की!"

तिनं डोळे उघडले. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. "बजा... डोकं लई जड झालंय रं. दम पण लागतूय, बसल्या बसल्या."

"बसून दम लागतूय? चढावर ओझं वाहतीयास का काय?"

"खरंच सांगते."

"रात्री येळंवर झोपत जा मग. आप्पा वर उभं हायत. माझी लाज काढतीयास तू चारचौघांत. आळशी झालीयास नुसती!"

बोललो ते बोललो. सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. आक्का बावीस वर्षं त्या खोलीत बसत होती. डोळे मिटून बेदाणा दोन बोटांत धरायची आणि प्रत सांगायची, व्यापारी तिचा शब्द मोडायचे नाहीत. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला न्हाऊमाखू घातलं तिनं. आणि आयटीआय करून गावभर बोंबलत फिरत होतो तेव्हा "आप्पा, माझ्या भावाला मशिनीवर घ्या" असं सांगून मला इथं चिकटवलं तेही तिनंच. तिला मी आळशी म्हणालो.

आप्पा वरनंच म्हणाले, "शालाबाई, तुमी आता घरी जावा. उद्यापास्नं मी सावळजची टोळी बोलावतूय."

ह्याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना कळला. एकदा दुसरी टोळी बसली की पहिली परत येत नाही. आक्का सूप बाजूला ठेवून उभी राहिली, भिंतीला हात लावून.

"मी जाते आप्पा. पर माझ्यापायी ह्यांच्या पोटावर पाय नका दिऊ. ह्यांना ऱ्हाऊ द्या."

आप्पा काही दुष्ट माणूस नव्हते. सौद्याच्या दिवसांत माणसाला जेवढी अक्कल राहते तेवढीच त्यांना होती. ते म्हणाले, "सांच्यापर्यंत बघतो. आणखी कोण पेंगलेलं दिसलं तर सगळ्याच घरी."

धक्क्याच्या कडेला आमची ढवळी मांजर बसली होती. उंदरांसाठी पाळलेली. एरवी ती आक्काच्या मांडीला मांडी लावून झोपायची. आप्पांनी तिच्याकडं बघितलं. "मांजर शाणं हाय बघा. चार दिवस झालं, खाली उतरंना. तुमची संगत नको म्हणतंय."

दोघीतिघी हसल्या, त्याही जांभया देत.

मी आक्काला फाटकापर्यंत सोडायला गेलो. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला, तीनचार श्वास ओढले आणि म्हणाली, "भाईर आलं की बरं वाटतंय बघ. डोकं उतरलं."

"मग घरी जाऊन झोप."

"बजा, तुझ्या त्या नव्या गॅसचं तर काय नसंल?"

"त्याला यंत्र हाय आक्का. गॅस गळला की बोंबलतं. बोंबललं का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

ती गेली. मी मागं वळलो आणि मशीन-घरात जाऊन स्टुलावर बसलो. खरं सांगायचं तर तिच्या बोलण्याचा मी पुन्हा विचारसुद्धा केला नाही. एवढी ताकदच उरली नव्हती.

नवा गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीत असतो तोच. आधी आमच्याकडं सगळीकडं अमोनिया फिरायचा. त्याचा वास असा की जरा गळला तरी नाकाडोळ्यांत मिरच्या. दोन वर्षांमागं चार नंबरच्या खोलीत अमोनिया गळला आणि भरलेला बेदाणा काळा पडला. लोकांचा माल तो. आप्पांनी त्या वर्षी कानाला खडा लावला आणि पुण्याच्या एका कंपनीकडनं नवी व्यवस्था बसवून घेतली. अमोनिया आता मशीन-घराच्या बाहेर जायचाच नाही. तो तिथल्या तिथं कार्बन डायऑक्साइडला गार करायचा, इतका की त्या गॅसचं पाणी व्हायचं. ते पाणी पंपानं खोल्याखोल्यांतनं फिरायचं, तिथली गर्मी पिऊन उकळायचं आणि परत गॅस होऊन मशीन-घरात यायचं, पुन्हा गार व्हायला. बास, एवढंच. फक्त दाब दांडगा, ट्रकच्या टायरात असतो त्याच्या चौपट.

आक्काला हे मी सांगितलं होतं तेव्हा तिनं विचारलं होतं, "उकळतंय आन् गार पण करतंय? काय तरी थापा मारू नगंस."

"अगं, घाम वाळताना गार लागतं का न्हाई? तसंच."

"मग ह्याला वास किती?"

"अजिबात न्हाई. तोच तर फायदा."

बायका खूष झाल्या होत्या. डोळ्यांची चुरचुर गेली. कंपनीचा माणूस मोठी जोडणी करून पुण्याला गेला आणि गॅस गळला तर ओरडणारी सहा यंत्रं माझ्या हवाली करून गेला, 'एवढी तुम्हीच लावून घ्या' म्हणून. मी एका दुपारी सहाही लावून टाकली. निवडायच्या खोलीतलं लावताना आक्का स्टूल धरून उभी होती. माझ्या तोंडात खिळे. तिनं खालनं काहीतरी विचारलं, मी हसण्यावारी नेलं.

तर त्या दिवशी. दीड वाजला. मशीन-घरात इतकं गरम होत होतं की भाकरी घशाखाली उतरेना. निवडायची खोली गार, धक्क्याचं बाहेरचं दार बंद, त्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि काड्या उडतात म्हणून पंखासुद्धा बंद. म्हटलं, तिथंच जाऊन खावं. बायकांवर लक्षही राहील. कुणी पेंगायला लागली की आप्पा बघायच्या आत हलवीन. आक्कानं एवढं तरी मागितलं होतं.

आक्काच्याच पोत्यावर बसलो. शेजारी तायव्वा. ही मूळची जतकडची, आक्काची जिवाची मैत्रीण, तोंडानं फाटकी.

"बसा मालक," ती म्हणाली. "बहिणीची जागा गरम हाय अजून."

"तायव्वा, टोमणं नको. जीव दमलाय माझा."

"आमचा न्हाई दमला? चार दिवस डोक्यात कुणी जातं दळतंय. इंदीला सकाळी वकारी झाली. सांगितलं का कुणी तुला? न्हाई. सांगून काय, तू म्हणणार, आळशी."

मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला. तायव्वानं जांभई दिली. मग मी दिली. मग पलीकडच्या इंदूनं. दुसरा घास घेताना ध्यानात आलं की मला धाप लागलीय. भाकरी खाताना धाप! कपाळावर कुणीतरी पाटा ठेवावा तसं डोकं जड होत चाललं. वाटलं, दोन पाळ्यांचा थकवा, दुसरं काय. वाटलं, जरा डोळे मिटू. भिंत गार लागत होती. बरं वाटत होतं. एवढं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"वा रं पठ्ठ्या!"

आप्पांचा आवाज. डोळे उघडले तर ते धक्क्यावर उभे, तांबडेलाल झालेले. "राखण करायला बसला आन् राखणदारच झोपला! अख्खं घराणंच झोपाळू हाय तुमचं!"

मी धडपडत उठलो. पायांत गोळे. पायऱ्या चढलो, एक, दोन. आप्पा बोलतच होते. माझं लक्ष मांजराकडं गेलं. ती कडेला बसून खाली बघत होती. आणि मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होतो तेवढ्या वेळात डोकं उतरायला लागलं. धाप बसली. 'भाईर आलं की बरं वाटतंय बघ.'

आप्पा उभे होते, त्यांना काही होत नव्हतं. बसलेल्यांनाच होत होतं. मांजराला तर आधी कळलं होतं, ती आमच्या सगळ्यांहून बुटकी.

मी पळालो. आप्पा मागनं ओरडले, "आरं, बोलतूय मी!" मशीन-घरातल्या पेटीतनं हातात धरायचं, गॅस मोजायचं छोटं मीटर काढलं. साध्या हवेत त्याचा आकडा चारशेच्या आसपास असतो. धक्क्यावर छातीशी धरलं, तीन हजार. सुतळी बांधून खाली सोडलं, बायकांच्या मांडीपाशी. आकडा चढत गेला, चढत गेला, आणि तीस हजाराच्या वर गेल्यावर मीटर किंचाळायला लागलं.

"भाईर व्हा! सगळ्या भाईर! ऊठ इंदे! सूप टाक, सूप टाक तिकडं!"

नऊजणी आपल्या पायांनी चढल्या. एक पायरीवर बसली, तिला आप्पांनीच हाताला धरून ओढलं. तायव्वाला उठताच येईना. मी श्वास धरून उतरलो, तिच्या काखेत हात घातले. ती एवढीशी बाई, पण त्या वेळी बेदाण्यानं भरलेली पेटी लागली. वर आणून उन्हात निजवली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. पाच मिनिटं गेली असतील, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मग तिनं डोळे उघडले आणि कन्नडमध्ये मला एक शिवी दिली. मी तिथंच रडलो.

पंखे लावले, दोन्ही दारं सताड उघडली. हवा निवळल्यावर साबणाचं पाणी घेऊन पाईप तपासला. पायरीच्या मागं, बॉक्सांच्या थप्पीआड एक व्हॉल्व्ह होता, त्याच्या दांड्यापाशी बारीक बुडबुडे. बस्स, एवढंच गळत होतं, चार दिवस. पुढचा व्हॉल्व्ह बंद केला, मागचा उघडा ठेवला, आतला गॅस परत जाऊ दे म्हणून. दोन्हीकडनं कोंडला तर पाईप फाटतो. एवढं पुण्याच्या माणसानं शिकवलेलं माझ्या ध्यानात होतं.

तोवर गावात बातमी गेली होती. माणसं जमली. आप्पा खोलीच्या मधोमध उभे राहून वर छताकडं बघत होते. तिथं ते यंत्र होतं, हिरवा दिवा लागलेला, सगळं झ्याक असल्यासारखं.

"ह्यो का बोंबलला न्हाई?"

"हा गॅस जड हाय आप्पा. खाली बसतोय, पाण्यागत. ह्या दोन पायऱ्या हौदासारख्या भरल्या. वर गेलाच न्हाई."

"मग ह्यो डबडा एवढा वर कशाला लावला?"

अमोनिया हलका. तो वर जातो, म्हणून जुनी यंत्रं छताखाली असायची. तिथं खिळा होता. वायर आयती आलेली होती. नवं यंत्र कुठं लावायचं ते कागदावर लिहिलं होतं, इंग्रजीत, चित्रासकट, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तो कागद मी घडी करून मशीन-घरातल्या टेबलाच्या पायाखाली घातला होता, टेबल डगमगत होतं म्हणून. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"कुणी लावला म्हणतो मी?"

"कंपनीनं," मी म्हणालो.

"हरामखोर!" आप्पा म्हणाले. "बघतोच त्यांच्याकडं." मग माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या पोरानं आज अकरा जीव वाचवलं."

मी वळलो तर दारात आक्का. कुणीतरी तिला बोलावून आणली असणार. पदर डोक्यावर, तशीच धावत आलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्या खिळ्याकडं बघत होती.

आप्पा तिच्यापुढं गेले. "शालाबाई, चुकलं माझं. टोळीबिळी कोण येत न्हाई. उद्या या."

तिनं मान हलवली आणि तायव्वापाशी जाऊन बसली, तिचं डोकं मांडीवर घेऊन.

दिवस मावळायच्या सुमाराला मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात भांडी घासत होती. मला बघून उठली नाही.

"च्या ठेवू?"

"नको." मी उंबऱ्यावर बसलो. "आक्का, येशील न्हवं उद्या?"

"येईन की. बायका हायत माझ्या."

तिनं तव्याला राख लावली. मग ती म्हणाली, "यंत्र खाली घेतलंस?"

"व्हय. सहाच्या सहा. गुडघ्याएवढ्यावर."

"मी तवाच म्हणलं हुतं."

म्हणाली होती. स्टूल धरून उभी असताना तिनं खालनं विचारलं होतं, "एवढं वर कशाला रं? आमी तर खाली बसतो." आणि मी खिळे तोंडात धरून म्हणालो होतो, "गॅस काय तुमच्या पंगतीला बसणार हाय का?" सगळ्या बायका हसल्या होत्या. तीही हसली होती.

"आक्का, मी आप्पांना उद्या सांगतो."

"तुझं तू बघ. नोकरी तुझी हाय. यंत्राचं मला काय न्हाई, माणूस चुकतंय. पर तू मला आळशी म्हणलास, बजा. माझ्या बायकांच्या म्होरं. बावीस वर्सांत आप्पासुदीक म्हणालं न्हवतं." तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "त्याचं मला लई वाईट वाटलं."

मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो. तिनं राखेचा हात वर धरला आणि मला मागं सारलं.

"एक सांगते. आप्पांना मी काय बोलले न्हाई. पर बायकांना सांगितलं. यंत्र बजानं लावलं आन् स्टूल मी धरलं. जीव त्यांचा जात हुता, त्यांना कळाया पायजे."

"मग? काय म्हणाल्या?"

"बाकीच्या गप बसल्या. तायव्वा म्हणाली, त्याला म्हणावं उद्यापास्नं दुपारची भाकरी आमच्यात बसून खायाची. खाली. रोज."

आप्पांना मी सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिलं. त्यांनी कंपनीला भांडून नवे व्हॉल्व्ह बसवून घेतले, पुढं चार वर्षांनी ते वारले, आणि मरेपर्यंत येईल त्या पाहुण्याला माझी ओळख 'ह्यानं अकरा जीव वाचवलं' म्हणून करून देत राहिले. मी मान खाली घालून उभा राहायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

पण भाकरी मी खाली बसून खाल्ली. तिथं आणखी सात वर्षं होतो, एक दिवस चुकवला नाही. दुसऱ्याच दिवशी पायऱ्या उतरलो तेव्हा आक्कानं आपल्या पोत्यावर सरकून मला जागा केली. ढवळी आमच्या दोघांच्या मधे येऊन झोपली. तायव्वानं कांदा फोडून माझ्यापुढं टाकला. गुडघ्याएवढ्यावर यंत्र होतं, त्याचा हिरवा दिवा सगळ्यांना दिसत होता, पण त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. मला जांभई आली की बाराही जणींचे हात थांबायचे.